ग्रूव्हबॉक्स घेतलाय, आता काय? कोकणातल्या नवख्यांसाठी पहिल्या दिवसापासून

गणपती झाले की दर वर्षी दोन-तीन पोरं विचारायला येतात, ते बटणांचं छोटं मशीन काय असतं, ऑक्टोपॅडसारखं मारून वाजवायचं का, लॅपटॉप लागतो का, म्युझिक शिकलेलं असावं लागतं का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय, जरा लांब होईल पण सावकाश वाचा, आणि शक्यतो मशीन समोर ठेवूनच वाचा.

मी रत्नागिरीकडचा. लहानपणापासून भजनात पखवाजाच्या मागे बसून टाळ वाजवले, जाखडीत झांज धरली, शिमग्यात ढोलाच्या मागे चाललो. म्युझिकचं शिक्षण म्हणाल तर एवढंच. आणि म्हणूनच एक गोष्ट मनापासून सांगतो, ठेका तुम्हाला आधीच येतो. गावात वाढलेल्या कुठल्याही पोराला सम कुठे येते ते विचारावं लागत नाही, मान आपोआप हलते. मशीनला मात्र मान नाही, तिला तो ठेका घरं मोजून, म्हणजे वेळेचे सारखे तुकडे पाडून, सांगावा लागतो. नव्या माणसाने शिकायचं ते एवढंच, हे मोजून सांगणं. बाकीची बटणं हळूहळू येतात.

आधी हे आहे काय ते

ग्रूव्हबॉक्स म्हणजे साधारण तीन मशीन एका डब्यात, प्रत्येकात तिन्ही असतीलच असं नाही. सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ, जो विजेपासून स्वतःचा आवाज तयार करतो. सॅम्पलर, जो बाहेरचा कुठलाही आवाज रेकॉर्ड करून बटणावर बसवतो. आणि सिक्वेन्सर, जो कुठल्या क्षणी काय वाजायचं ते लक्षात ठेवतो आणि तुम्ही थांबवेपर्यंत फिरवत राहतो. ऑक्टोपॅडवर तुम्ही मारलं की वाजतं, हात थांबला की आवाज थांबला. कॅसिओवर रिदम कंपनीने भरून दिलेला असतो, तुम्ही फक्त चालू करता. इथे रिदम तुम्ही स्वतः भरता, मशीन तो धरून ठेवते, आणि तुमचे हात मोकळे होतात पुढचं काहीतरी करायला. फरक हाच आणि तो खूप मोठा आहे.

इतिहास थोडक्यात, कारण नावं कानावर पडतील तेव्हा संदर्भ असावा. ग्रूव्हबॉक्स हा शब्द रोलँड कंपनीने १९९६ मध्ये एमसी-३०३ या मशीनसाठी वापरला आणि तिथून तो सगळ्यांसाठीच रूढ झाला. त्याआधी १९८० चं टीआर-८०८ ड्रम मशीन, मग टीबी-३०३ हे बेसचं मशीन, आणि १९८८ मध्ये रॉजर लिन यांनी डिझाइन केलेलं अकाईचं एमपीसी-६०, ज्याच्यावरून चार बाय चार पॅडची, म्हणजे बोटांनी मारायच्या चौकोनी बटणांची, मांडणी आजही बरेच जण वापरतात. आणि हे सगळं परदेशातलं म्हणून लांब राहायचं कारण नाही, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या वादकाने १९८२ मध्येच ८०८ आणि ३०३ एकत्र जोडून त्यावर राग वाजवले होते, रेकॉर्ड काढली होती. शिकागोच्या डान्स संगीतात ३०३ चा चिरका आवाज गाजायच्या काही वर्षं आधी. मला हे कळलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

कुठलं घ्यायचं

एकदम महागडं घेऊ नका. खरं तर पहिला महिना काहीच घेऊ नका, फोनवर कोआला सॅम्पलर नावाचं ॲप टाका, अँड्रॉइडवर पण आहे आयफोनवर पण आहे. फोनच्या माईकने आवाज घ्यायचा, पॅडवर बसवायचा, सिक्वेन्स करायचा. त्यात महिनाभर मन रमलं तरच मशीनचा विचार करा.

मशीन घेताना एक प्रश्न दुकानदाराला नक्की विचारायचा, यात थेट रेकॉर्ड होतं का की सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, कॉम्प्युटरवरून भरावे लागतात? कारण बॉक्सवर सॅम्पल असा शब्द असला म्हणून मशीन स्वतः रेकॉर्ड करेलच असं नाही, आणि नवीन माणूस इथेच फसतो. उदाहरणार्थ नोव्हेशनचं सर्किट ट्रॅक्स, दोन सिंथ आणि चार ड्रम ट्रॅक (ट्रॅक म्हणजे एकेका आवाजाची वेगळी रांग), आत चार्ज होणारी बॅटरी, शिकायला फार सोपं, पण त्यात तुमचे सॅम्पल कॉम्प्युटरवरून जातात. त्याचंच भावंड सर्किट ऱ्हिदम थेट रेकॉर्ड करतं पण त्यात सिंथ नाही. इलेक्ट्रॉनचं मॉडेल सॅम्पल्स सहा ट्रॅकचं, तेही बाहेरून भरायचं, डिजिटॅक्ट मात्र थेट रेकॉर्ड करतं. टीनेज इंजिनिअरिंगचं छोटं पीओ-३३ कॅल्क्युलेटरएवढं, दोन ट्रिपल ए सेलवर चालतं, माईक आतच आहे, पण मेमरी एकूण ४० सेकंदांची. त्यांचंच ईपी-१३३ मोठं, माईक आणि स्पीकर दोन्ही आत, चार ट्रिपल ए सेल. रोलँडचं एसपी-४०४ एमके टू सॅम्पलिंग आणि इफेक्टसाठी भारी.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या माणसाने थेट रेकॉर्ड होणारं आणि सेलवर किंवा पॉवर बँकवर चालणारं मशीन घ्यावं. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि आवाज जिथे आहेत तिथे, जेटीवर, खळ्यात, देवळाच्या पायऱ्यांवर मशीन घेऊन जाता आलं पाहिजे. ४० सेकंद कमी वाटतात पण टाळाचा एक ठोका अर्धा सेकंद पुरतो, म्हणजे ८० ठोके झाले, सुरुवातीला एवढे लागतच नाहीत.

पहिला दिवस: फक्त आवाज गोळा करा

मशीनमध्ये कंपनीने भरलेले शेकडो आवाज असतात, ते ऐकत बसलात तर आठवडा जातो आणि हातात काही राहत नाही. त्यापेक्षा पहिल्या दिवशी घरातले सहा आवाज घ्या. माझे पहिले सहा असे होते: पागोळीचं पाणी पत्र्याच्या बादलीत पडताना, करवंटीवर टिचकी, खवणीवर नारळ खवताना होणारा खरखर आवाज, दाबलेला टाळ, उघडा टाळ, आणि पखवाजाचा एक धा. यात तुम्हाला अख्खा ड्रम सेट मिळतो बघा, खवणी म्हणजे शेकर, करवंटी म्हणजे वरचा ड्रम, पागोळी म्हणजे मध्येच येणारा टपका.

रेकॉर्ड करताना तीन-चार गोष्टी सांभाळा. लेव्हल लाल होऊ देऊ नका, एकदा आवाज फाटला की नंतर दुरुस्त होत नाही, आवाज कमी आला तर वाढवता येतो. सर्वात मोठ्या ठोक्याला मीटर साधारण उणे सहा डेसिबलच्या आसपास राहिला की बरोबर. समुद्रावर वारा माईकमध्ये शिरतो आणि फक्त घुरघुर ऐकू येते, म्हणून होडीच्या आडोशाला किंवा गडग्याच्या मागे बसायचं, माईकवर सुती रुमालाचा एक पदर टाकायचा, आणि तरी राहिलेली घुरघुर नंतर हाय पास फिल्टरने, म्हणजे खालचे जाड आवाज काढणाऱ्या सोयीने, कापायची. तोच आवाज पाच-सहा वेळा घ्या, वेगवेगळ्या जोराने, का ते पुढे सांगतो. फोनवर घेणार असाल तर वेव्ह फॉरमॅटमध्ये घ्या, व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज नको, तो दाबला जातो आणि टाळाची झणझण निघून जाते.

आणि एक महत्त्वाचं. माणसांचा आवाज विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. भजनातल्या बुवांची तान असो, लिलावात ओरडणारी मावशी असो, आधी सांगायचं की मी हे गाण्यात वापरणार आहे, आणि झाल्यावर त्यांना पहिल्यांदा ऐकवायचं. पालखीचा ढोल किंवा देवळातली आरती असेल तर गुरव-मानकऱ्यांना विचारा. कोणी नाही म्हणालं तर विषय संपला. तयार गाण्यांतून तुकडे उचलून स्वतःच्या नावावर टाकू नका, तो कॉपीराईटचा प्रश्न आहे आणि तुमचे स्वतःचे आवाज त्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत.

कापणं

हा भाग सगळे घाईत उरकतात आणि मग म्हणतात माझी लय चुकते. रेकॉर्डिंगमध्ये ठोक्याच्या आधी थोडी शांतता राहिलेली असते, ती काढलीच पाहिजे. हिशोब बघा, १०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १०० बीट, एक बीट ०.६ सेकंदाचा, त्याचे चार भाग केले की एक घर १५० मिलीसेकंदाचं. आता सॅम्पलच्या सुरुवातीला नुसती ३० मिलीसेकंद शांतता राहिली तर प्रत्येक ठोका घराच्या पाचव्या भागाने उशिरा पडणार. कानाला ते लगेच लंगडं वाटतं. म्हणून स्टार्ट पॉइंट अगदी ठोका उठतो तिथे आणायचा, स्क्रीनवर लाट दिसत असेल तर झूम करून, दिसत नसेल तर नॉब थोडा थोडा पुढे नेत परत परत वाजवून. फार पुढे गेलात तर ठोक्याचं टोकच कापलं जातं आणि आवाज बोथट होतो, मग एक पाऊल मागे. शेवटी टिक असा आवाज येत असेल तर छोटासा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू विझवा.

मग पिच, म्हणजे सुराची उंची. सॅम्पल बारा पायऱ्या खाली नेला की एक सप्तक खाली जातो, आणि साध्या सॅम्पलरमध्ये लांबी दुप्पट होते. करवंटीची टिचकी अशी खाली न्या, भला मोठा लाकडी ढोल वाटेल. देवघरातली छोटी घंटा खाली नेली तर मोठ्या देवळातली घंटा. मी तर होडीच्या इंजिनाची फटफट एक सप्तक खाली नेऊन त्याचाच बेस केला होता, अजून तो आवाज वापरतो.

दुसरा दिवस: केरवा घरांत मांडा

बहुतेक मशीनवर सोळा बटणांची रांग असते, किंवा चार बाय चारची चौकट. ही सोळा घरं म्हणजे चार बीट, प्रत्येक बीटचे चार भाग. केरव्याच्या मात्रा आठ. मग एका मात्रेला दोन घरं. धा गे ना ति, न क धि न. म्हणजे धा पहिल्या घरात, गे तिसऱ्यात, ना पाचव्यात, ति सातव्यात, खालीचा, म्हणजे ताल हलका होतो त्या भागाचा, न नवव्यात, क अकराव्यात, धि तेराव्यात, शेवटचा न पंधराव्यात. मधली जोड घरं, म्हणजे दुसरं, चौथं, सहावं अशी, रिकामी.

आता हे दोन ट्रॅकमध्ये तोडायचं. डग्गा जिथे बोलतो तिथे खालचा आवाज, किक (ड्रम सेटचा मोठा ड्रम) म्हणा किंवा पखवाजाचा धा म्हणा, तो पहिल्या, तिसऱ्या आणि तेराव्या घरात. बघा, नवव्यापासून बारापर्यंत खालचा आवाज अजिबात नाही, तीच तालाची खाली. नवीन पोरं यूट्यूबवर बघून किक एक-पाच-नऊ-तेरा अशी सरळ ठोकतात, ते पण चालतं, डिस्कोचा ठोका तोच आहे, पण मग केरव्याचा झोल राहत नाही. आपला झोल त्या रिकाम्या जागेत आहे. चाटेचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, आवाज, इथे करवंटी, पाचव्या, नवव्या आणि पंधराव्या घरात. प्ले दाबा. ऐका. १०० बीपीएमला हे एक आवर्तन २.४ सेकंदात फिरतं. पाच मिनिटं नुसतं ऐका, काही बदलू नका.

मग टाळ. दाबलेला टाळ सगळ्या विषम घरांत, आणि उघडा टाळ फक्त तेराव्यात, तिथला दाबलेला काढून. आता उघड्या टाळाची झणझण पुढच्या दाबलेल्या ठोक्यावर पण चालूच राहील, जे खऱ्या टाळात कधी होत नाही कारण हात झाकतो. मशीनमध्ये याला चोक ग्रुप म्हणतात, दोन्ही टाळ एका ग्रुपमध्ये टाका, एक वाजला की दुसरा गप्प. ड्रम सेटच्या हाय हॅटसाठी, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांसाठी, केलेली सोय आहे, टाळाला तंतोतंत लागू पडते.

आता ते पाच-सहा वेळा घेतलेले आवाज आठवा. सगळे ठोके एकाच जोराने पडले की मशीन मशीनसारखी वाटते. प्रत्येक घराचा जोर वेगळा करता येतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. समेवर पूर्ण जोर, मधल्या टाळांना निम्मा, आणि दोन-तीन घरांत हळू वाजवलेला दुसरा सॅम्पल. एवढ्याने सगळं जिवंत होतं.

स्विंगचा नॉब असेल तर तो ५० वर सरळ असतो, म्हणजे जोड आणि विषम घरं सारख्या अंतरावर. वाढवत गेलात की जोड घरं उशिरा पडायला लागतात, ६६ ला जवळजवळ दादऱ्यासारखं तीनचं वजन येतं. पण मघाच्या ठेक्यात जोड घरं रिकामी आहेत, त्यामुळे नॉब फिरवून काहीच होणार नाही, आधी खवणी जोड घरांत भरा आणि मग ५४ ते ५८ मध्ये फिरवून बघा, कुठेतरी पाय हलायला लागतो, तिथे थांबायचं.

सोळाच का?

कारण कंपन्यांनी चारचा हिशोब धरलाय. पण पॅटर्नची, म्हणजे एका फेरीतल्या घरांची, लांबी बहुतेक मशीनवर बदलता येते आणि हे बटण आपल्या लोकांनी पहिल्या आठवड्यातच शोधावं. दादरा सहा मात्रांचा, दोन-दोन घरं, लांबी १२ करा. रूपक सात मात्रा, लांबी १४. झपताल दहा मात्रा, लांबी २०, म्हणजे सोळाच्या पुढे दुसऱ्या पानावर जावं लागेल, तुमच्या मशीनमध्ये ३२ किंवा ६४ घरं असतील तर काहीच अडचण नाही. काही मशीनवर प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. असेल तर हे करून बघा, डग्गा सोळा घरांवर ठेवा आणि टाळ बारावर. दोघं वेगवेगळे फिरतात आणि ४८ घरांनंतर, म्हणजे डग्ग्याची तीन आवर्तनं आणि टाळाची चार, समेवर परत भेटतात. पखवाजवाले तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, घेऊन समेवर येतात तेव्हा जे पोटात होतं ना, तेच होतं.

घरं भरण्याऐवजी थेट वाजवूनही रेकॉर्ड होतं, रेकॉर्ड आणि प्ले एकत्र दाबायचं आणि पॅडवर वाजवायचं. क्वांटाइझ चालू असेल तर मशीन तुमचा ठोका जवळच्या घरात ओढते, बंद असेल तर जसा पडला तसा. ज्यांचा हात ढोलकी-पखवाजावर बसलाय त्यांनी क्वांटाइझ बंद ठेवून बघावं, तुमच्या हातातली ओढ हीच तुमची ओळख आहे, ती मशीनला खाऊ देऊ नका. मायक्रो टायमिंग असेल तर एखादाच ठोका किंचित मागे-पुढे सरकवता येतो.

सिंथ, पेटीवरून समजून घ्या

सिंथच्या नॉबांना लोक घाबरतात. पेटी माहिती आहे ना? पेटीतली पत्ती थरथरते, तो झाला ऑसिलेटर. त्यात सॉ म्हणजे धारदार भरलेला आवाज, स्क्वेअर म्हणजे पोकळ, जरा क्लॅरिनेटच्या वाटेचा. पेटीवर जाड कापड टाकलं की आवाज मऊ होतो, वरची धार जाते, तो झाला लो पास फिल्टर, आणि कापड किती जाड ते ठरवणारा नॉब म्हणजे कटऑफ. रेझोनन्स वाढवला की कापलेल्या जागी आवाज शिट्टीसारखा टोचायला लागतो, ३०३ चा तो प्रसिद्ध चिरका आवाज तिथूनच येतो. आणि भाता कसा मारता, झटक्यात की हळूहळू भरत, सोडल्यावर आवाज लगेच तुटतो की रेंगाळतो, हे सगळं एन्व्हलपमध्ये. ॲटॅक म्हणजे आवाज किती वेळात भरतो, डिके म्हणजे पहिल्या जोरावरून किती वेळात खाली बसतो, सस्टेन म्हणजे बोट धरून ठेवल्यावर किती राहतो, रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर किती वेळाने जातो. बेस पाहिजे तर ॲटॅक शून्य, डिके छोटा, सस्टेन कमी. तंबोऱ्यासारखा भरलेला सूर पाहिजे तर ॲटॅक आणि रिलीज दोन्ही लांब.

सूर कुठला? बहुतेक मशीनवर स्केल निवडता येतो आणि मग चुकीची पट्टी लागतच नाही. नावं इंग्रजीत असतात, म्हणून ही सांगड पाठ करून ठेवा. मेजर म्हणजे बिलावल थाट, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी, नॅचरल मायनर म्हणजे आसावरी, फ्रिजियन म्हणजे भैरवी. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे भूपाचे सूर, सा रे ग प ध. रूट नोट म्हणजे तुमचा सा, पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ. अर्थात स्केल लावला म्हणजे राग झाला असं नाही, रागाची चाल, न्यास, मींड मशीनला माहिती नाही, ते तुम्हालाच आणावं लागतं. पण सुरुवातीला पेंटाटॉनिक लावा, सा वर लांब सूर धरा, खाली केरवा चालू, आणि वर तीनच सुरांत खेळा. तीनच. तासभर.

एक युक्ती सांगतो जी मला फार उशिरा कळली. बऱ्याच मशीनवर एखादं घर दाबून धरून नॉब फिरवला की तो बदल फक्त त्या घरापुरता राहतो. इलेक्ट्रॉनवाले त्याला पॅरामीटर लॉक म्हणतात. कोर्गचं मोशन सिक्वेन्स यासारखंच, त्यात नॉब फिरवल्याची हालचाल रेकॉर्ड होते. म्हणजे पंधराव्या घरातल्या एकाच ठोक्यावर डिले, म्हणजे प्रतिध्वनी, बाकी कोरडे. किंवा दर चौथ्या वेळी तेवढाच टाळ उलटा. थोडं वापरा, पण वापरा.

तुकड्याचं गाणं कसं होतं

सगळे अडकतात ते इथे. एक छान आवर्तन होतं, दोन तास तेच फिरवत बसतो, आणि गाणं काही होत नाही. हिशोब करा, १०० बीपीएमला तीन मिनिटांत ७५ आवर्तनं होतात. ७५ वेळा तेच कोण ऐकणार? म्हणून पहिला पॅटर्न झाला की तो दुसऱ्या जागी कॉपी करा आणि एकच गोष्ट बदला, डग्ग्याचा तेराव्या घरातला ठोका काढा, किंवा पागोळी घाला. मग तिसऱ्या जागी कॉपी, अजून एक बदल. असे चार झाले की ते चेन करा, म्हणजे एकामागोमाग जोडा. आणि म्यूट, म्हणजे एखादा ट्रॅक गप्प करणं, शिका, कारण अर्धं गाणं म्यूटवर होतं. भजनात बघा ना, बुवा आधी एकटे सूर लावतात, मग पेटी, मग पखवाज हळू, मग टाळ, मग कोरस. सगळं पहिल्या मिनिटात कोणी देत नाही. तसंच करा, सगळे ट्रॅक म्यूट, आधी फक्त समुद्र किंवा सूर, आठ आवर्तनांनी टाळ, अजून आठांनी डग्गा.

दर बदलानंतर सेव्ह करा. काही मशीन आपोआप सेव्ह करतात, काही करत नाहीत, तुमचं कुठल्या जातीचं आहे ते पहिल्याच दिवशी मुद्दाम बंद करून चालू करून तपासा. माझा एक अख्खा पॅटर्न, जाखडीच्या ढोलावरून केलेला, लाईट गेली तेव्हा गेला, आणि तो तसा परत कधीच जमला नाही, अजून वाईट वाटतं. महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवर किंवा कार्डवर कॉपी काढून ठेवा.

खाऱ्या हवेचं पण इथेच सांगून टाकतो. वापर झाला की मशीन उघड्यावर ठेवू नका, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, जून ते सप्टेंबर पुड्या बदलत राहा. समुद्रावरून आलात की कोरड्या कपड्याने पुसा, जॅकच्या भोकांत पण दमट हवा जाऊन गंज धरतो, महिन्यातून एकदा जॅक आत-बाहेर करा. नॉब फिरवताना खरखर आली तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, मशीन बंद करून थोडासा मारायचा, खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल अजिबात नाही. वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, ते आत फुटतात.

मंडपात नेताना

घरी चांगलं वाजलं म्हणून मंडपात वाजेलच असं नाही. ग्रूव्हबॉक्सचं आउटपुट लाईन लेव्हलचं, म्हणजे माईकपेक्षा बरंच जोरदार, असतं, साउंडवाला घाईत माईकच्या भोकात लावतो आणि आवाज फाटतो, त्याला आधीच सांगा लाईन इनपुट पाहिजे, नसेल तर डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल माईकच्या भोकाला चालेल असा करणारा छोटा डबा. स्वतःच्या केबल स्वतः न्या, एक साडेतीन एमएमपासून दोन मोठ्या जॅकची आणि एक मोठ्या जॅकची जोडी. मंडपाचे स्पीकर बहुतेक वेळा मोनोच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज देत, चालतात, म्हणून बेस आणि डग्गा मध्ये ठेवा, डावीकडे-उजवीकडे पसरवू नका, नाहीतर एकमेकांना खातात. जनरेटरवर हम्म असा आवाज आला तर ॲडॅप्टर काढा आणि पॉवर बँकवर चालवा, बहुतेक वेळा तिथेच जातो. आणि खास परवानगीचे मोजके दिवस सोडले तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, ते नियमातच आहे, तेवढी वेळ धरून आखणी करा.

आता खरी अडचण. बुवांची लय चढते, मशीनची चढत नाही. अभंग ८० ला सुरू होतो आणि गजरापर्यंत कधी १३० ला जातो कोणालाच कळत नाही, तुम्ही टेम्पोचा नॉब हातात धरून मागे धावत बसाल तर दर वेळी अर्ध्या मात्रेने चुकाल, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि पखवाजवाल्या काकांनी मध्येच हात उचलला. नंतर त्यांनीच सुचवलं की तू अभंगापुरता राहा. म्हणून आता असं करतो: मशीनचा क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, हेडफोनवर काकांना देतो, अभंग ठरलेल्या लयीत सोबत वाजतो, पागोळी-करवंटी सगळं आहे, आणि बुवांनी गजराचा हात वर केला की मी एकाच बोटाने सगळे ठेक्याचे ट्रॅक म्यूट करतो, फक्त सा चा लांब सूर चालू ठेवतो, त्याला लय नाही त्यामुळे तो कुठेच अडत नाही. तिथून पुढे पखवाज आणि टाळ घेऊन जातात. म्यूटची ही बटणं अंधारात न बघता सापडली पाहिजेत, म्हणून डग्गा, चाट, टाळ, खवणी हे चार ट्रॅक पहिल्यापासून शेजारी-शेजारी ठेवा.